दिनविशेष : मु. पो. परभणी

दिनविशेष रोज वाचणाऱ्याला जगाचा नकाशा फार लवकर कळतो. घटना पॅरिसला घडतात, जन्म पुण्याला होतात आणि मृत्यू मुंबईत. परभणी भागात काही घडत नाही, कुणी जन्मत नाही, आणि जन्मतच नसल्यामुळे मरायचाही प्रश्न येत नाही. परभणीकर ही यादी इमानाने वाचतो, पुढे पाठवतो, आपलं गाव तिच्यात कुठेच नाही हे बघतो आणि ‘म्हणजे आपल्याकडं सगळं शांत आहे’ असं समाधान मानून चहा मागवतो.

हिवाळ्यात या यादीला फार जोर येतो. थंडीने पहाटे साडेचारला जाग आलेला माणूस गोधडीतून एकच हात बाहेर काढू शकतो. एका हाताने, आडवं पडून, डोळे अर्धे मिटून करता येण्यासारखं समाजकार्य एकच आहे. त्यामुळे डिसेंबर लागला की उजाडायच्या आत प्रत्येक ग्रुपवर चार-पाच दिनविशेष येऊन पडलेले असतात. त्यातल्या दोहोंत गांधीजींचं वय वेगळं असतं. यावर वाद होत नाही, कारण वाद घालायला दुसरा हात बाहेर काढावा लागतो.

गावाबद्दल म्हणी मात्र भरपूर आहेत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही तर महाराष्ट्रभर माहीत आहे. ती कशी निघाली याची कहाणी प्रत्येक ओट्यावर वेगळी मिळते आणि प्रत्येक ओटा शेजारच्या ओट्याला खोटं पाडतो. दुसरी म्हण हैदराबादी ढंगाची : ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. कुठे जमलं तर जमलं, नाहीतर परभणी आहेच. पहिली म्हण परभणीकरांनी पाठ केली, दुसरी बदली होऊन आलेल्या साहेबांनी. दोन्ही म्हणींना तारीख नाही, म्हणून दिनविशेषात जागा नाही.

एक तारीख मात्र आमच्या नावावर लागली. २९ डिसेंबर २०१८. त्या दिवशी वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत किमान तापमान २ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. वाहिन्यांवर पट्ट्या फिरल्या. एरवी पाऊस नाही पडला तरच आमचं नाव घेणाऱ्या निवेदकांनी ‘परभणी’ हा शब्द उच्चारला, तोही हसत. वार शनिवार, म्हणजे सकाळची शाळा. पोरं तोंडातून वाफा सोडत विडी ओढायचं सोंग करत शाळेत गेली. गावात लोक कानटोप्या सावरत, दात वाजवत एकमेकांना विजयाच्या सुरात सांगत होते, “दोनवर आलंय म्हणं!” जणू गेल्या वेळी तीनवर आउट झालो होतो आणि आता कुठे सराव कामी आला. निफाडशी आमची जुनी चुरस आहे. द्राक्षं त्यांना लखलाभ, आकडा आमचा खाली पाहिजे.

या आकड्याचं एक राजकारण आहे. भारतीय हवामान खात्याची नोंद वेगळी असते आणि विद्यापीठाची वेगळी, आणि विद्यापीठाचा आकडा बहुतेक वेळा दोन-चार अंशांनी खालीच असतो. विद्यापीठाचं रान मोकळं आहे. काळी जमीन, वर निरभ्र आभाळ, हवा कोरडी आणि पहाटेला थांबलेली. दिवसभर गोळा केलेली ऊब जमीन रात्रभर आकाशाला देऊन टाकते, आणि थंड झालेली जड हवा सखल भागात येऊन बसते. शहरात भिंती, डांबर आणि माणसं ती ऊब थोडी धरून ठेवतात. दोन्ही आकडे खरे आहेत. पण परभणीकर दोन आकड्यांतून नेहमी खालचाच उचलतो. मे महिन्यात हाच माणूस दोन्हींतून वरचा उचलतो, कारण तेव्हा हेच गाव ४५ अंशांच्या पुढे गेलेलं असतं. आमचं म्हणणं एवढंच की त्रास व्हायचाच असेल तर रेकॉर्डवर व्हावा.

आता थोडी शास्त्रीय माहिती, कारण दिनविशेष वाचणाऱ्याला ती लागतेच. ‘परभणीचा पारा २ अंशांवर’ असे मथळे आले होते. पण किमान तापमान मोजायच्या जुन्या पद्धतीच्या काचेच्या तापमापकात पारा नसतोच, त्यात अल्कोहोल असतं. नळीत अल्कोहोल आणि त्यात बुडालेली एक बारीक काडी. थंडीने अल्कोहोल आकसतं तसं ते काडीला मागे ओढत नेतं. उजाडून ऊब आली की अल्कोहोल पुढे सरकतं, काडी मात्र तिथेच राहते. सकाळी येऊन ती काडी कुठे थांबली ते वाचायचं. पारा असतो कमाल तापमान मोजणाऱ्या नळीत. म्हणजे उन्हाळा पारा मोजतो आणि थंडी दारू मोजते. शेकोटीवर ही माहिती सांगितली तेव्हा दोन-तीन मंडळींनी अशा गंभीरपणे मान डोलावली की जणू हा सिद्धांत त्यांनी प्रयोगाने आधीच पडताळून पाहिला होता. पाऱ्याचंच म्हणाल तर परभणीत पारदेश्वराच्या देवळात पाऱ्याचं शिवलिंग आहे. गावात कधीच न घसरणारा पारा तेवढाच.

आणि सेल्सिअस. अँडर्स सेल्सिअस या स्वीडिश गृहस्थाने १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली तेव्हा ती उलटी होती. पाणी उकळतं तिथे शून्य, गोठतं तिथे शंभर. तो १७४४ मध्ये वारल्यानंतर ती सुलटी झाली. मूळची तशीच राहिली असती तर २०१८ च्या त्या सकाळी परभणी ९८ अंशांवर गेली असती. बोर्डाच्या परीक्षेत मराठवाड्याला एवढे गुण मिळाले असते तर लातूरकरांनी शिकवणीच्या जाहिरातीत फोटो छापला असता.

तर २९ डिसेंबर. ही तारीख आमची झाली म्हटल्यावर त्या दिवशी जगात आणखी काय काय झालं हे बघणं ओघाने आलंच. बघितलं, तर जग परभणीसाठीच तयारी करत होतं असं दिसतं.

२९ डिसेंबर १७६६ ला ग्लासगोमध्ये चार्ल्स मॅकिंटॉश जन्मला. दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पाणी न शिरणारा कोट याने काढला, १८२३ चं त्याचं पेटंट. म्हणजे रेनकोटचा जनक. ग्लासगोला पाऊस फार, त्यामुळे तिथे हा कोट पावसात घालत. परभणीत पावसाची खात्री नाही, त्यामुळे आम्ही तो डिसेंबरात घालतो. पहाटे मोटारसायकलवरून दूध घालायला निघालेला माणूस बघा. आत बनियन, वर शर्ट, वर बायकोनं विणलेलं स्वेटर, कानाला मफलर, आणि सगळ्यांवर रेनकोट. वारा अडवायला त्यासारखं दुसरं काही नाही. आकाशात ढगाचा ठिपका नाही आणि रस्त्याने रेनकोट घातलेली माणसं चालली आहेत, हे बघून परगावचा पाहुणा आधी आभाळाकडे बघतो आणि मग आमच्याकडे.

मॅकिंटॉशच्या कोटात एक खोट होती. थंडीत तो ताठ व्हायचा आणि उन्हात चिकट. माणूस दोन अंशांत ताठतो आणि पंचेचाळीसमध्ये चिकटतो, हा परभणीचा अनुभव रबराला आधीच आला होता. त्यावर उपाय शोधला चार्ल्स गुडइयर या अमेरिकनाने. गंधक मिसळून रबर तापवलं की ते ना थंडीत कडक होतं ना उन्हात पाघळतं, हे त्याला १८३९ मध्ये सापडलं, पेटंट १८४४ चं. आणि या गुडइयरचा जन्म कधीचा? २९ डिसेंबर, १८००. दुखणं आणि औषध एकाच तारखेला जन्मलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

गुडइयरची कथा मी नाक्यावरच्या शेकोटीला सांगितली. सांगायला ती जागा योग्य होती, कारण शेकोटीत टायर जळत होतं. डिसेंबरात आमच्याकडे चौकाचौकात जुनी टायरं पेटतात. लाकूड महाग, तुऱ्हाट्या घरच्या चुलीला लागतात, आणि टायर एकदा धरलं की तासभर हलत नाही. धूर काळाकुट्ट निघतो, नाकपुड्या आतून रंगतात, डॉक्टर ओरडतात, सगळं खरं. ज्याला शक्य आहे त्याने टायर जाळू नये. पण तिथे उभे राहणारे लोक शक्य असलेल्यांतले नसतात.

“आज कोण जन्मलंय म्हन्लाव, सर?” नानांनी विचारलं.

“गुडइयर. ज्याच्यामुळं टायर झालं, तो.”

“मग लई कमावलं असंल.”

“नाही नाना. पेटंटच्या खटल्यांत गेलं सगळं. कर्जबाजारी होऊन मेला, १८६० ला.”

हे ऐकल्याबरोबर शेकोटीभोवती त्या अमेरिकनाबद्दल एकदम आपुलकी पसरली. एकाने टायर काठीने जरा हळूच सरकवलं. “आन् ती कंपनी?” कुणीतरी विचारलं. ती त्याची नव्हेच. तो गेल्यावर ३८ वर्षांनी दुसऱ्याच लोकांनी काढली, नाव तेवढं याचं ठेवलं. नाना बराच वेळ जाळाकडे बघत राहिले. “म्हंजे सातबारा ह्याच्या नावचा आन् पीक दुसऱ्यानं काढलं,” ते म्हणाले. गुडइयरच्या चरित्रकारांना जे सांगायला जाडजूड पुस्तकं लागली ते असं एका ओळीत आटोपलं.

त्याच तारखेला, १९५९ मध्ये, कॅलिफोर्नियात रिचर्ड फाइनमन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एक गाजलेलं भाषण केलं. भाषणाच्या नावाचा अर्थ ‘तळाशी भरपूर जागा आहे’. वस्तू लहान करत करत किती खाली जाता येईल, टाचणीच्या डोक्यावर सबंध ब्रिटानिका ज्ञानकोश लिहिता येईल का, असा त्याचा विषय. पुढे ज्याला नॅनो तंत्रज्ञान म्हणू लागले त्याचं बीज या भाषणात होतं असं मानतात. त्यानंतर बरोबर ५९ वर्षांनी, तारीखसुद्धा न चुकवता, परभणीच्या तापमापकाने तळाशी किती जागा आहे ते दाखवून दिलं. टाचणीच्या डोक्याचं म्हणाल तर आमच्या जत्रांतून तांदळाच्या दाण्यावर नवरा-बायकोची नावं लिहून देणारे कारागीर बसतात, मध्ये बदामासकट. फाइनमनने लहान लिहिणाऱ्याला हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. ही बातमी आमच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसापर्यंत पोचली असती तर फेब्रुवारीत निकाल लागला असता.

राजेश खन्ना २९ डिसेंबरचाच, १९४२ चा, अमृतसरचा. चित्रपटसृष्टीत त्याला सगळे ‘काका’ म्हणत. त्यामुळे आमच्या ग्रुपवर दर वर्षी या दिवशी ‘काकांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ असा संदेश येतो आणि ग्रुपमधले एक निवृत्त काका सगळ्यांना हात जोडून धन्यवाद देतात. राजेश खन्ना वारून बरीच वर्षं झाली आणि काकांचा वाढदिवस डिसेंबरात नाही, हे त्यांना सांगायला कुणी धजावत नाही. अमृतसरचा आणि आमचा संबंध मात्र रोजचा आहे. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस परभणीवरून जाते. हिवाळ्यात दिल्ली-पंजाबकडे धुकं पडलं की तिकडून येणारी गाडी तासन्‌तास मागे राहते. आमच्याकडे लखलखीत ऊन पडलेलं असतं आणि फलाटावरचा माणूस आठशे-हजार मैलांवरच्या धुक्याकडे डोळे लावून बसलेला असतो.

याच तारखेला रामानंद सागर जन्मले, १९१७ मध्ये. ‘रामायण’ मालिका दूरदर्शनवर सुरू झाली ती २५ जानेवारी १९८७ ला, म्हणजे तीही थंडीतच, रविवारी सकाळी. गावात टीव्ही मोजके, त्यामुळे ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी अयोध्या. चपला दारात, पोरं पुढे, म्हातारी माणसं हात जोडून, आणि एक जण गच्चीवर अँटेना धरून. रावणाच्या तोंडावर मुंग्या आल्या की खालून ओरडायचे, “फिरीव, फिरीव!” त्या गच्चीवरच्या माणसाने रामायण पाहिलंच नाही, पण त्याच्यामुळे पाऊणशे लोकांनी पाहिलं. दिनविशेषात अशा माणसाची नोंद असायला हवी. कन्नडमध्ये रामकथेवर महाकाव्य लिहून ज्ञानपीठ मिळवणारे कुवेंपु हेही २९ डिसेंबरचेच, १९०४ चे. आणि मा. दीनानाथ मंगेशकर १९०० चे, गोव्यातल्या मंगेशीचे. ओंकारनाथ ठाकूर याच दिवशी गेले, १९६७ ला. गाणं, रामायण, रबर आणि थंडी, एवढं एका तारखेत कोंबल्यावर तारखेनं तरी काय करावं?

दिनविशेषाचा आणखी एक आवडता शब्द म्हणजे क्रांती. फ्रेंच राज्यक्रांती, रशियन राज्यक्रांती, औद्योगिक क्रांती. ‘परभणी क्रांती’ ही जगातली एकमेव क्रांती आहे जी चिरून तव्यावर परतता येते. ही भेंडीची जात आहे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा एक विषाणूजन्य रोग असतो, केवडा म्हणतात त्याला. त्याला दाद न देणारी ही जात आमच्या कृषी विद्यापीठाने ऐंशीच्या दशकात दिली. विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची, म्हणजे मराठवाडा मोठ्या दुष्काळात असतानाची. ज्वारीत ‘परभणी मोती’ आहे, आणि २०१८ मध्ये, थंडीचा विक्रम झाला त्याच वर्षी, लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ आली. मोती, शक्ती, क्रांती. दुसऱ्या एखाद्या शहराने ही नावं चौकांना दिली असती. आम्ही बियाण्याच्या पिशव्यांना दिली, आणि ती उगवतात.

ज्वारीचा विषय निघाला आणि हुरड्यावर थांबलं नाही तर तो माणूस मराठवाड्यातला नव्हे. डिसेंबर सरताना रब्बीच्या ज्वारीची कणसं दुधाळ होतात. बांधावर खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, निखारे पडले की त्यात कणसं खुपसायची, आणि भाजलेलं कणीस पोळत्या हातावर चोळून दाणे समोरच्याच्या हातात टाकायचे. बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं. हुरड्याला तारीख नसते. कणीस तयार झालं की तीच तारीख. त्यामुळे निमंत्रण ‘अमुक वारी या’ असं नसतं, ‘हुरडा आलाय’ असं असतं. पाहुणे तालुक्याहून गाडी करून येतात, ‘आता काही खाणार नाही’ म्हणत पाटीभर खातात आणि परत जाताना ऊब म्हणून आगटीजवळ आणखी तासभर बसतात. चोळणाऱ्या माणसाला स्वतःला खायला मिळतं ते पाहुणे पाणी प्यायला उठल्यावर. तिकडे गंगाखेडच्या खाली, लातूरच्या हद्दीकडे, वेळ अमावस्येला भज्जी आणि आंबील घेऊन अख्खी गावं शेतात जाऊन बसतात. त्या दिवशी गावात चोर आला तर त्यालाही शेतातच जेवायला जावं लागेल. आणि धुंधुरमासात सूर्य उगवायच्या आत खिचडी आणि लोण्याचा गोळा. थंडीत एवढ्या पहाटे उठवून जेवायला घालणारा धर्म जगात दुसरा नसावा.

आता दिनविशेषातला ‘जन्म’ हा कप्पा. परभणी जिल्ह्यात हिवाळ्यात कुणी जन्मत नाही, याला कागदोपत्री पुरावा आहे. आमच्या पिढीच्या अर्ध्याअधिक माणसांचा जन्म १ जूनचा. शाळेत नाव घालायला बाप पोराला घेऊन गेला की गुरुजी विचारायचे, “कधीचा?” बाप सांगायचा, “लई पाऊस झाला नव्हता का, त्या सालचा.” गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का बघायचे आणि १ जून लिहायचे. त्यामुळे १ जूनला आमच्या ग्रुपवर शुभेच्छांची एवढी गर्दी होते की कोण कुणाला देतोय ते कळत नाही. वर उल्लेख केलेले निवृत्त काकाही त्यातलेच. त्यांची आई सांगायची की ते जन्मले तेव्हा हुरडा चालू होता.

म्हशीचं मात्र तसं नसतं. घरातल्या भिंतीवर ‘कालनिर्णय’ असतं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं आणि मराठी माणसाला पंचांग कळू लागलं. पण त्याच्या चौकोनांत पंचांगापेक्षा जास्त मजकूर पेन्सिलीने लिहिलेला असतो. ‘दूध नाही’, ‘गॅस लावला’, ‘लाईनमन येऊन गेला’, ‘मोटार जळाली’. आणि ज्या दिवशी म्हैस फळली त्या दिवशी एक ठसठशीत फुली. तिथून सुमारे ३१० दिवस मोजायचे. म्हैस कधी व्याणार हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हशीची तारीख पक्की आणि मालकाची १ जून.

माणसांच्या काही तारखा खऱ्याही आहेत, पण त्या आपल्याला वाचता येत नाहीत. कारण परभणीत वेळ वेगळी चालत होती. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार फसली सालाने व्हायचा. वर्षारंभ ऑक्टोबरात, महिने आझूर, दय, बहमन, इस्फंदार असे. म्हणजे आमचा २९ डिसेंबर हा बहमन महिन्यात. दिनविशेषात ‘१५ ऑगस्ट १९४७ : भारत स्वतंत्र’ असं छापलेलं असतं. त्या दिवशी परभणीच्या कचेरीत १३५६ फसली चालू होतं आणि निजामाचाच झेंडा होता. आमचं स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८ चं, तेरा महिने उशिराचं, आणि ते कुठल्या धुक्यामुळे नव्हतं. परभणीत राहून ‘म्हणे लढाई संपली’ लिहिणाऱ्या बी. रघुनाथांचा जन्म १५ ऑगस्टचा, १९१३ चा. अशा तारखेला जन्मलं की दिनविशेषात आपल्याला कोण विचारतो! तिथे आधी झेंडा, मग भाषण, मग जिलेबी.

१ मे ही तारीखही आमच्याकडे जरा सांभाळूनच घेतात. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आनंद झाला. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि आमचा परतूर तालुका त्यात गेला. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला. औंढा नागनाथ गेलं आणि नर्सीही गेली. म्हणजे संत नामदेव हिंगोली जिल्ह्यात आणि गंगाखेडची जनाबाई परभणी जिल्ह्यात. जिने सगळी हयात नामदेवांच्या घरी दळण-कांडण केलं, तिला आता धन्याच्या मूळ गावी जायला जिल्हा ओलांडावा लागतो. तेव्हापासून १ मेच्या आदल्या रात्री परभणीकर नकाशा काढून काय काय शिल्लक आहे ते बघून झोपतो.

पाथरी अजून आमच्याकडेच आहे, आणि जन्म देण्याच्या बाबतीत पाथरीची परंपरा जुनी. अहमदनगरच्या निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्याच्या घरचा, असं फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. पुढे पाथरी आपल्याकडे असावी म्हणून निजामशाहीने वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाया केल्या. वडिलोपार्जित वतनासाठी सुलतानही कोर्टकचेरी न करता थेट तोफाच लावत. त्यानंतर पाचशे वर्षांनी, २०२० च्या जानेवारीत, साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाला शंभर कोटी देण्याची घोषणा झाली आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. जन्म कुठे झाला हे ज्यांनी स्वतः कुणाला सांगितलं नाही, कुणाची जात-पात विचारली नाही, त्यांच्या जन्मदाखल्यावरून भर थंडीत दोन गावं तापली. शेकोटीची गरज त्या आठवड्यात कुणालाच पडली नसावी.

आता इतकं सगळं असून यादीत परभणी का नाही? कारण यादी कागद बघून होते, आणि आमचे कागद उर्दूत, मोडीत, फसली तारखांचे, माळ्यावरच्या ट्रंकेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा निजामकाळातल्या कागदांना एकाएकी किंमत आली. उर्दू वाचणारे आणि मोडी वाचणारे म्हातारे, ज्यांना घरात चहासुद्धा दुसऱ्यांदा मागावा लागत होता, त्यांना तालुक्याहून बोलावणी आली. ज्यांच्याकडे ट्रंक होती ते ट्रंक उघडून बसले. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना आठवलं की आजोबा गेले त्या हिवाळ्यात माळा साफ केला होता, आणि त्या दिवशी जाळ फार छान झाला होता.

म्हणून परभणीकर मंडळींना एवढंच सांगणं आहे. थंडी आहे, शेकोटी पेटवा. पण त्यात काय टाकताय ते आधी एकदा बघा. आझूर-बहमन लिहिलेला कागद असेल, आजीच्या पेटीतली पिवळी चिठ्ठी असेल, किंवा म्हशीच्या फुलीचं जुनं कालनिर्णय असेल, तर ते बाजूला काढा आणि मोडी किंवा उर्दू वाचणारं कुणी जिवंत आहे तोवर त्याच्याकडून वाचून घ्या. त्याचा हात गोधडीबाहेर निघत नसेल तर चहा घेऊन तुम्हीच त्याच्याकडे जा.